साडेपाच तासांचा रकाना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. एकदा चार मित्रांत बसलेलो असताना अगदी ओठांवर आलं होतं, तर उठून मोरीत गेलो आणि उगीचच चूळ भरून आलो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — की ओळखत नाही म्हणजे माझं काही बिघडवू शकत नाही, म्हणून? दोन्ही असेल.

जळगावात माझं इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून द्यायचं छोटंसं ऑफिस आहे. गेल्या काही वर्षांत क्रिप्टोवाली तरुण मंडळीही येऊ लागली. मोबाईल पुढे सरकवतात आणि म्हणतात, सगळं यातच आहे. मग मी त्यांच्या खात्यातून व्यवहारांचा इतिहास मागवतो — तारखा टाकायच्या, बटण दाबायचं, थोड्या वेळाने ईमेलवर फाईल येते. फाईल उघडली की माझं पहिलं काम ठरलेलं. वेळेच्या शेजारी एक रिकामा रकाना घालतो आणि प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवतो. कारण त्या फाईलमधलं घड्याळ आपलं नसतं. आपल्या दुपारी तिथे सकाळ असते. वर ‘UTC’ अशा तीन इंग्रजी अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण ते कोण वाचतो? रकाना नाही घातला तर पहाटेचे व्यवहार आदल्या तारखेला जाऊन पडतात. माझा हात आता आपोआप तिकडे जातो.

एका फाईलमध्ये मात्र मी तो घातला नाही. अजूनही घातलेला नाही.

ती फाईल सुनीलची. सुनील माझा शाळेपासूनचा मित्र, एरंडोलजवळच्या गावचा. ठिबकचं सामान विकायचा, शेतावर जाऊन बसवूनही द्यायचा. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, माझ्याच टेबलावर बसून क्रिप्टो एक्स्चेंजवर खाती उघडली होती. मी भाव दिवसातून पन्नासदा बघणारा, उतावळा. तो शांत डोक्याचा. आपल्याला हवा तो भाव लावून ठेवायचा आणि कामाला लागायचा. तो भाव आला की विक्री आपोआप होते, त्याला बघत बसावं लागत नाही. यावरून मी त्याला ‘शेठ’ म्हणून चिडवायचो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो मोटारसायकलवर धुळ्याला निघाला. पारोळ्याच्या अलीकडे, धुक्यात, मागचे दिवे नसलेल्या एका ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. पंचनाम्यात वेळ लिहिली — सव्वासहाच्या सुमारास. तो जागीच गेला.

आम्ही पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. पोलिसाने त्याचा मोबाईल सुनीलच्या वडिलांना, आबांना दिला. आबांनी तो न बघताच माझ्या हातात दिला. काच तडकली होती, पण फोन चालू होता. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. आत शवविच्छेदन चाललं होतं, आम्ही बाहेर कडुनिंबाखाली उभे होतो — आणि तो फोन माझ्या छातीवर थरथरला.

मी बाहेर काढून बघितला. ‘अभिनंदन सुनील! तुमची ऑर्डर पूर्ण झाली.’

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. त्याने लावून ठेवलेला भाव आला होता, आणि तो आत टेबलावर असताना त्याची विक्री झाली होती. नंतर किती तरी दिवस मी खिशात फोन ठेवू शकलो नाही.

आठ महिन्यांनी सुनीलच्या नावाने इन्कम टॅक्सचं पत्र आलं. आबा ते घेऊन माझ्याकडे आले. मी त्याच्या खात्यातून इतिहास मागवला. ‘नमस्कार सुनील, तुमचा अहवाल तयार आहे’ असा ईमेल आला. आबांना घाई होती, म्हणून फाईल आली तशीच छापून त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, एवढं तरी माना. आबा बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तारीख तीच. विक्री. वेळ — सहा वाजून बारा.

अकरा बेचाळीसमधून साडेपाच तास काढा. सहा बाराच येतात. इतक्या मिनिटांतून अपघाताच्या वेळेचंच मिनिट का यावं? मी त्याला योगायोग म्हणतो. मोठ्याने म्हणून बघितलं आहे, पटत नाही.

आबांनी चष्मा काढला. म्हणाले, “गाडीवर मोबाईल देखी राहिंता तो. पैसास्ना नादमा गया मन्हा पोऱ्या.”

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — आबा, ही वेळ आपली नाही, यात साडेपाच तास मिळवा. बस. लहान मुलालाही समजेल असं वाक्य. मी मान हलवली. होकारार्थी.

का? आता तिथेच येतोय. टाळत होतो, तुमच्याही लक्षात आलं असेल.

त्या सकाळी सुनीलला फोन मी केला होता. भाव घसरला होता, मला झोप नव्हती. पहिला त्याने उचलला नाही. दुसराही नाही. गाडी चालवतोय हे मला माहीत होतं. तरी तिसरा केला. लागोपाठ तीन म्हटल्यावर काही तरी अडलं असेल असं वाटून त्याने तो उचलला असणार. मी विचारलं, विकायचं का रे? तो वाऱ्याच्या आवाजातून ओरडून म्हणाला, “आरे, मी भाव लाई ठेल शे, तू जप ना—” झोप म्हणत होता मला, आणि मग जे ऐकू आलं ते मला लिहिता येत नाही.

मी फोन कट केला. पुन्हा लावला नाही. पोलिसांना नाही, आबांना नाही, कुणालाच नाही. चहा ठेवला. कुणी तरी येऊन मला सांगेल, याची वाट पाहत घरात बसून राहिलो. आणि कडुनिंबाखाली तो संदेश वाचल्यावर, फोन हातात होताच, तो उघडायचा पॅटर्न मला माहीत होता — माझे तिन्ही कॉल मी पुसून टाकले.

मनीषा वहिनी, सुनीलची बायको, एकदा ऑफिसात आल्या होत्या. एकट्याच. म्हणाल्या, “भाऊ, भाव बघायला हे गाडीवर मोबाईल काढणारे नव्हते. घरी सगळे मलाच बोलतात, तू त्याला वेळीच आवरलं नाहीस म्हणून. त्या कागदावरची वेळ खरी आहे का?” त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये आणला होता. मी त्यांच्यासमोर तो उलगडला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, “हो वहिनी, खरी आहे.” पुन्हा त्यांनी विचारलं नाही. थोड्या दिवसांनी त्या मुलीला घेऊन पाचोऱ्याला माहेरी निघून गेल्या. कायमच्या.

वर्षश्राद्धाला मी गेलो. पानं उठल्यावर आबांनी मला पुढे बोलावलं, सगळ्या भाऊबंदांसमोर पाटावर बसवलं. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. हातात कोरी पांढरी टोपी घेऊन म्हणाले, “तुन्हामुये खरं समजनं भाऊ. नहीं तं आम्ही त्या ट्रॉलीवालाले शिव्या देत बसतूत.”

मी डोकं पुढे केलं. त्यांनी टोपी घातली. मी वाकून त्यांच्या पाया पडलो.