आप्पांची मागे सारलेली भाकरी

मंडळी, आज दवाखान्यात वजनकाट्यावर उभा राहिलो आणि मनातून खूश झालो. शुगरपायी भाकरी कमी केली, आणि चार महिन्यांत सात किलो कमी! डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "काका, शुगर आहे तिथेच आहे. झिजताय तुम्ही. उपाशी राहणं बंद करा."

माझ्या डोळ्यांसमोर आमचे आप्पा, माझे वडील, उभे राहिले. बहात्तर साल, पारनेरकडचं आमचं गाव, आप्पा शाळामास्तर. रोज सकाळी ते नगरहून आणलेल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी उकळायचे. निळी राहिली तर बरं, विटकरी झाली की साखर.

रोज विटकरीच व्हायची. दुष्काळात गाव भाकरीला महाग झालेलं, आणि आप्पा ताटातली भाकरी रोज आणखी थोडी मागे सारायचे. शेजारी म्हणायचे, "मास्तर, पथ्य लई कडक हाय तुमचं!" आईनं त्यांचे सदरे दोनदा उसवून आत घेतले. त्या हिवाळ्यात साध्या तापानं ते गेले. नळी शेवटपर्यंत विटकरीच.

हे घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचेही दोन शर्ट परवाच टेलरकडे आत घ्यायला दिलेत."

आत्ता भाकरी समोर आहे. खाल्ली तर शुगर, नाही खाल्ली तर आप्पा. तुमच्यापैकी कुणी यातून सुटलंय का?