चुंबकाच्या खोलीतलं हळकुंड

विज्ञान आणि अध्यात्म यांचं जमतं का, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. अहो, जमवावं लागतं! मी शहरातल्या एका दवाखान्यात एमआरआयच्या मशीनवर नोकरी केली. ती खोली म्हणजे एक भलंमोठं चुंबक. आत घड्याळ नाही, पिन नाही, तावीज नाही, मंगळसूत्रही नाही. तावीज लोक मुकाट्यानं काढत आणि बाहेर बसलेल्या नातलगाच्या दंडाला तेवढ्यापुरता बांधत. मंगळसूत्र म्हटलं की मात्र बायकांचा हात गळ्यावरून निघायचा नाही.

एका दुपारी पाचोडकडची एक सून स्ट्रेचरवर आली. नवरा वाळूजच्या कारखान्यात कामाला. दोघं मोटारसायकलवर असताना ट्रकनं उडवलं होतं. नवऱ्याच्या डोक्याला मार, त्याला वरच्या मजल्यावर ऑपरेशनला घेतलेलं. हिच्या पाठीला मार, आणि पाय बधिर होत चाललेले. कणा नेमका कुठं दाबला गेलाय हे दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जाणार होते.

"मंगळसूत्र काढ," मी म्हटलं.

"नाय काढणार. ते वर टेबलावर पडलेत, अन् मी इथं गळा मोकळा करू? पाय गेले तर जाऊ द्या."

मी भडकले. "अगं, तो वाचला तर त्याचं कोण करणार? तू लुळी पडून?" शेजारी उभी असलेली तिची सासू रडायला लागली. कुणी म्हणेल, अशा वेळी ओरडू नये. मी ओरडले आणि बरंच केलं, पण ती ऐकेना. सोन्याला चुंबक ओढत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मणी ओवलेली तार कसली, ते सोनारालाच ठाऊक, आणि गळ्यात धातू असला की फोटो बिघडतो तो बिघडतोच.

तेवढ्यात मला माझी आई आठवली. तिचं लग्न निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचं. त्या धामधुमीत घरातलं सोनंनाणं गेलेलं. मग दोऱ्यात हळकुंड ओवलं, तिच्या गळ्यात बांधलं आणि झालं लग्न! सोन्याच्या वाट्या आल्या त्या आम्ही मुलं झाल्यावर. तोवर वडिलांना काही झालं नाही, चांगले म्हातारे होऊन गेले.

सासूला विचारलं, "आजी, हळकुंड चालतं ना?"

"चालतं की! का नाय चालणार?" तिनं डोळे पुसले.

समोरच्या किराणा दुकानात माणूस पिटाळला. हळकुंड आलं. ते मी तपासणीच्या हातातल्या छोट्या चुंबकावर घासून पाहिलं, आमच्या शास्त्राची परवानगी नको का? सासूनं सुताच्या दोऱ्याला हळद चोळली. आधी हळकुंड बांधलं आणि मगच मंगळसूत्र काढून सासूच्या हातात दिलं. गळा क्षणभरही मोकळा राहिला नाही.

आत मशीन घण घातल्यासारखं वाजतं. भलेभले दचकून हलतात, मग सगळं पहिल्यापासून. ही हळकुंड मुठीत धरून जी पडली, ती बोटभरही हलली नाही. फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि लगेच तिला ऑपरेशनला नेलं.

काही महिन्यांनी ती माझ्या खोलीच्या दाराशी उभी! काठी नाही, कुणाचा आधार नाही, आपल्या पायांनी चालत टेबलापर्यंत आली. मागं नवरा, डोक्यावर टाक्यांची खूण. तिनं कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. आत पाचोडच्या बाजारातली हळकुंडं.

"ताई, पुढच्या बायांसाठी."

माझी खोड काही जात नाही. विचारलंच, "काय गं, हळकुंडानं वाचला का नवरा?"

"त्यांना डॉक्टरांनी वाचवलं," ती म्हणाली. "हळकुंडानं मला हलू दिलं नाय."

मला तिच्यासमोरच रडू आलं. नवरा बिचारा गोंधळून बघत राहिला. बाहेर नंबर लागलेले होते, म्हणून डोळे पुसले, पिशवीतलं एक हळकुंड उचललं आणि पुढच्या बाईला हाक मारली, "ये गं. मंगळसूत्र काढायचंय, पण आधी हे बांधू."