चारची बोंब

त्या दिवशी दुपारी चारला आम्ही दोघांनी चहा घेतला. मग हिने स्वयंपाकघराची खिडकी उघडून जोरात बोंब मारली. रोजचंच होतं ते.

आमची नात सई स्वीडनला शिकते, उप्सालात. जुनं गाव, जुनं विद्यापीठ. तिच्या होस्टेलवर रात्री दहा वाजले की सगळी पोरं खिडक्या उघडून ओरडतात. अभ्यासाचा ताप, घरची आठवण, सगळं ओरडून मोकळं करायचं. इकडे अमेरिकेत, मुलाकडे श्रूजबरीत तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. सई फोन खिडकीत धरायची. "आजी, रेडी?" म्हणाली की ही सुरू. गावाकडे शिमग्याला बोंबा पुरुषांनीच मारायच्या. हिची ती हौस इथे फिटली.

पहिल्या दिवशी शेजारचा गोरा धावत आला. ही त्याला म्हणाली, "नो प्रॉब्लेम. आय स्टुडंट." चौथीत शाळा सुटलेली बाई! मला म्हणायची, "अहो, तुम्हीपण ओरडा की. एरवी तर घर डोक्यावर घेता." मी म्हणायचो, "मला वेड नाही लागलं."

एका गोष्टीवर मात्र ती कधी हसली नाही. ती बाळंतीण असताना तिची आई गेली. भावांनी महिनाभर लपवून ठेवलं. "माझा जीव जपला म्हणे. माझं रडणं चोरलं मेल्यांनी," म्हणायची. आणि मला बजावायची, "मी गेले तर सईला त्याच दिवशी सांगायचं. परीक्षा असली तरी."

त्या दिवशी चारची बोंब मारली आणि त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, सईला आत्ता काही सांगू नका, प्लीज. तिची एक्झाम चालू आहे. संपली की मी सांगतो." पोरगा वाईट नाही. सगळे असंच करतात.

मी हिचा फोन घेतला आणि लावला.

"आजी, आज इतक्या लवकर?"

"मी आहे, सई. आजी गेली. रात्री, झोपेत."

मग म्हणाली, "आबा, डोन्ट हँग अप." खिडकी उघडल्याचा आवाज आला. तिकडे भर दुपार. पोरगी एकटीच ओरडली. साथीला कुणी नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो, खिडकी उघडली, फोन बाहेर धरला आणि ओरडलो. शेजारचा धावत आला, काहीतरी विचारू लागला. मला हिच्याएवढंही इंग्रजी येत नाही. मी पुन्हा ओरडलो.