निळ्या फुलांचे ग्लास

मीराबाई मेश्रामांना कोणी विचारलं, की आयुष्यात काय कमावलं, तर त्या मुलाचं नाव घेत नाहीत, घराचं घेत नाहीत. सरळ शोकेसकडे बोट दाखवतात. रायपूरच्या समता कॉलनीतल्या मुलाच्या घरी, बैठकीत शिरताच डाव्या हाताला ती शोकेस आहे. वरच्या फळीवर निळ्या फुलांचे पाच ग्लास, त्यांच्यामागे तसल्याच फुलांचा जग, आणि खाली जाड काचेचं एक लंबगोल केकचं भांडं, झाकण नसलेलं. शोकेसला कुलूप आहे. किल्ली बाईंच्या कमरेला. एवढ्याशा किल्लीचं ओझं ते काय, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांची चाल खजिना सांभाळणाऱ्याची.

ग्लास मुळात सहा होते. एकाहत्तर साली लग्न होऊन मीराबाई भंडाऱ्याकडच्या खेड्यातून रायपूरला आल्या. नवरा भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. तिसऱ्याच महिन्यात बाई साडी घ्यायला म्हणून गोल बाजारात गेल्या आणि काचेचे सहा ग्लास अन् जग घेऊन परतल्या. भैय्यालालनी कपाळाला हात लावला.

"घरात धड परात नाही, अन् तू काच घेऊन आली?"

"येणाऱ्याले देईन," त्या म्हणाल्या. "आपल्याले लोटा आहे."

आता येणारा म्हणजे कोण, याला त्यांच्याकडे काही मोजमाप नव्हतं. पोस्टमन आला, त्या ग्लासात पाणी. भैय्यालालचे फोरमनसाहेब आले, त्याच ग्लासात सरबत. कॉलनीची नाली काढणारा दुपारी उन्हात दाराशी थांबला, त्यालाही तोच. तो बिचारा ओंजळ पुढे करायचा, आणि बाई त्याच्या ओंजळीकडे न बघता ग्लास पुढे करायच्या. आपल्या घरी वेगळा पेला नाही, हा त्यांचा नियम. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

बाकी ग्लासांचे लाड मात्र बघण्यासारखे. धुताना टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे काच काचेला लागत नाही. एका वेळी एकच ग्लास. महिन्यातून एकदा मीठ आणि लिंबाची साल. गरम चहा ओतायचा असेल तर आधी आत स्टीलचा चमचा उभा करायचा, नाहीतर तडकतो. भैय्यालाल म्हणायचे, "मले कधी एवढ्या मायेनं आंघोळीचं पाणी नाही दिलं तुनं."

पाहता पाहता त्या ग्लासांना कॉलनीत मान आला. कोणाच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की आदल्या दिवशी निरोप यायचा, "मीराबाई, ग्लास पाहिजेत." टॉवेलात गुंडाळलेले ग्लास ट्रेमधून मिरवत जायचे. मुलगी ट्रे घेऊन बाहेर यायची, ग्लास किणकिणायचे, आणि कोपऱ्यात बसलेल्या मीराबाईंची नजर मुलीपेक्षा ट्रेवर असायची. एकदा तर नवऱ्या मुलाची चांगली खमकी आत्या सरबत तोंडाला लावता लावता थांबली आणि म्हणाली, "हे ग्लास आम्ही मागच्या रविवारी दुसऱ्या घरी पाहिले." मीराबाईंनीच वेळ सावरली. "ग्लास तेच आहेत, पोट्टी दुसरी आहे. तिले पहा." ते लग्न जुळलं. अशी बावीस जुळली.

बाविसातलं एक सरोजिनीबाईंच्या लेकीचं. सरोजिनीबाई समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. उंबऱ्यात उभ्या राहून तास-तास बोलायच्या, पण मीराबाईंकडे पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. कधी उपास असायचा, कधी आत्ताच चहा झालेला असायचा. आणि एक दिवस त्याच ग्लास मागायला आल्या. भैय्यालाल भडकले. "पाणी चालत नाही, पेले चालतात?"

"देऊ द्या," मीराबाई म्हणाल्या. "त्याच पेल्यानं पितील न. आपलं काय गेलं?"

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई धुतलेले ग्लास घेऊन आल्या. लग्न ठरलं होतं. ट्रे ठेवून त्या निघाल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. "मीरा, थोडं पाणी दे," म्हणाल्या. मीराबाईंनी दिलं. पुढे सरोजिनीबाई रोजच यायला लागल्या, इतक्या की भैय्यालालना घरात पाय पसरायला जागा राहिली नाही.

केकचं भांडं आलं ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या तंबोल्यात. भैय्यालालना आयुष्यात लागलेलं ते एकमेव बक्षीस. झाकणासकट, वर स्टिकर. वर्षभर त्यात दही लागलं. मग एका शेजारणीनं बदलीवर जाताना गोल ओव्हन देऊन टाकला आणि मीराबाईंनी पहिला केक केला. केक उत्तम झाला. हर्षाच्या भरात बाईंनी तापलेलं झाकण ओल्या ओट्यावर ठेवलं आणि त्याचे चार तुकडे झाले. बाई रडायच्या बेतात. भैय्यालाल केकचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "झाकण कोण खाते? केक तर वाचला."

त्याच भांड्यात पुढे बुद्ध पौर्णिमेची खीर व्हायला लागली. दुबराज तांदळाची घट्ट खीर भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवायची, वर तांबूस खरपूस साय धरेपर्यंत. काचेतून खालचा पांढरा थर दिसायचा, वरचा तांबूस दिसायचा, आणि कॉलनीतली पोरं ओव्हनभोवती उकिडवी बसायची. खरवडीसाठी भांडणं व्हायची. ते दिवस आठवले की मीराबाईंना अजूनही तो वास येतो. खरंच येतो, त्या शपथ घेऊन सांगतात.

तीन वर्षांपूर्वी भैय्यालाल गेले. मुलगा धम्मदीप उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं आईला समता कॉलनीत आणलं. सामान हलवताना एक ग्लास फुटला. नवरा गेला तेव्हा कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बाई त्या ग्लासासाठी ओक्साबोक्शी रडल्या. घरातल्यांना कळेना, काय करावं. रडून झाल्यावर त्यांनी सुनेला, शर्मिष्ठाला, बजावलं, "यापुढे माह्या ग्लासले कोणी हात लावायचा नाही." धम्मदीपनं शोकेस केली, आत दिवा बसवला, कुलूप लावलं. ग्लास दिसायला लागले छान, पण पाणी कोणाला मिळेना. गुडघ्यांमुळे बाई आपल्या खोलीतच बसायच्या. येणाऱ्याला कशात पाणी देतात, हे पाहायला त्या उठल्याच नाहीत.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला मात्र त्यांनी हट्ट धरला की खीर मी करीन, त्याच भांड्यात. नात पायल बँकेत नोकरीला लागलेली, तिच्या मैत्रिणी आणि शेजारपाजार संध्याकाळी यायचे होते. सकाळची वंदना झाली. भांडं धुवायला जुना टॉवेल हवा, म्हणून बाई भिंत धरत धरत मागच्या धुण्याच्या गॅलरीत गेल्या.

तिथे कामवाली सुकवारा चहा संपवत होती. तिनं कप नळाखाली विसळला आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा ठेवला. कपाचा कान तुटलेला होता.

"ये कप किसका है?" मीराबाईंनी विचारलं.

"मोर आय, दाई." माझाच, असं ती छत्तीसगढीत म्हणाली.

"घर के कप में काहे नहीं पीती?"

"दीदी ह अलग दे हे न. फूटे के डर नइ रहय." दीदीनं वेगळा दिला, फुटायची भीती राहत नाही, असं सांगून सुकवारा हसली आणि खराट्याला लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. कप उपडा ठेवतानाचा तो हात मीराबाईंनी पूर्वी पाहिला होता. पासष्ट वर्षं झाली असतील, पण हात तोच.

बाईंनी टॉवेल घेतला नाही. तो कप उचलला, तशाच भिंत धरत स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलावर ठेवला. सुट्टी असल्यानं सगळे घरात होते.

"शर्मिष्ठा, मले चहा यात दे."

"आई, तो सुकवाराचा आहे."

"माहीत आहे मले. दे."

शर्मिष्ठा गोंधळली. धम्मदीपनं मोबाइल खाली ठेवला. पायल म्हणाली, "आजी, सबके यहाँ होता है. इसमें क्या है?"

मीराबाईंचा पारा चढला. "सबके यहाँ होत असन. आपल्या घरी नाही होत. कोणी ठेवला हा कप?"

"मी ठेवला," शर्मिष्ठा म्हणाली. "तुम्हीच म्हणाल्या होत्या न आई, ग्लासले कोणी हात लावायचा नाही. एक फुटला तर तुम्ही दोन दिवस जेवल्या नाही. मले वाटलं, काचेच्या वस्तूंपासून तिले दूरच ठेवावं. एक सेट मोडला असता तर पुन्हा तेच. म्हणून वेगळं दिलं."

सून खोटं बोलत नव्हती. जो नियम त्यांनी पन्नास वर्षं पाळला, तो त्यांच्याच कुलपानं मोडला होता. राग कोणावर काढावा ते कळेना, आणि मग तो स्वतःचाच आला, आणि त्या खुर्चीत बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील श्यामराव गवंडी होते. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, घरात बुद्धाची तसबीर आली होती. गावातल्या एका बड्या माणसाच्या गोठ्याचं काम चालू होतं आणि आठ वर्षांची मीरा वडिलांची भाकर घेऊन गेली होती. दुपारी चहा आला. वडिलांनी गोठ्याच्या कोनाड्यातून कान तुटलेला कप काढला, वरून ओतलेला चहा प्यायले, कप स्वतः विसळला आणि पुन्हा कोनाड्यात उपडा ठेवला.

"मी विचारलं, बाबा, आपला कप त्याईच्या घरात काहून नाही ठेवत? बाबा म्हणे, चहा गोड होता, चाल. घरी आल्यावर मायले एवढंच म्हणाले, आपल्या घरी कोणी आलं, तर त्याले वेगळं भांडं नको." मीराबाईंनी टेबलावरचा कप जवळ ओढला. "तो गोठा त्याईनंच बांधला होता. कोनाडाही त्याईनंच काढला होता. सोबत मी गारा कालवला होता."

धम्मदीप पन्नाशीला आलेला. आजोबांचं हे तो आज पहिल्यांदा ऐकत होता. "आई, कधी सांगितलं नाही तू?"

"लाज वाटे रे. ज्याईनं ठेवला त्याईले नाही वाटली, अन् मलेच वाटली. म्हणून ग्लास दाखवत राहिली सगळ्याईले."

शर्मिष्ठा डोळे पुसायला ओट्याकडे वळली. पायल कपाकडे बघत राहिली. मीराबाईंनी त्या कपात चहा घेतला. कडेला टवका उडाला होता, तो ओठाला लागला. नंतर त्यांनी कमरेची किल्ली काढून पायलच्या हातावर ठेवली आणि ग्लास बाहेर काढायला सांगितले.

संध्याकाळी ग्लास पाच आणि माणसं चौदा. पण रेल्वे कॉलनीत तरी कधी पुरले होते? प्यायचं, धुवायचं, पुढच्याला द्यायचं. निळी फुलं हातोहात फिरली. खीर झकास जमली, वरची साय बरोबर तांबूस, आणि पायलच्या बँकेतल्या शिकलेल्या मैत्रिणी खरवडीसाठी चक्क चमच्यांनी लढल्या. मीराबाईंना तो जुना वास आला, आणि या वेळी शपथ घ्यायची गरज नव्हती. भैय्यालाल असते तर काय बोलले असते, हे मनात येऊन त्यांना हसू आलं.

मदतीला आलेल्या सुकवाराला त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. निळ्या फुलांच्या ग्लासात सरबत पुढे आलं तशी ती मागे सरकली. "मोर हाथ ले फूट जाही, दाई."

"फूटा तो फूटा. पी."

तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि घाईघाईनं संपवला. तिला त्यात सुख वाटलं की संकोच, कोण जाणे. बहुधा संकोचच जास्त. उठून तिनं ग्लास विसळला आणि सवयीनं मागच्या गॅलरीत नेऊन खिडकीच्या कठड्यावर उपडा ठेवला.

मीराबाईंना खुर्चीतून ते दिसलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी दाद दिली नाही. हाक मारायला तोंड उघडलं, तोच पायल त्यांच्या शेजारून गॅलरीत गेली. तिनं तो ग्लास उचलला, पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला आणि बैठकीत नेऊन शोकेसच्या वरच्या फळीवर, बाकीच्या चौघांच्या मधोमध ठेवला. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

"आजी, ताला लगाऊँ?" तिनं तिथूनच विचारलं.

"नको लावू. सकाळी सातले सुकवारा येते. चहा ओतशील तर आत चमचा ठेवजो, नाहीतर तडकन."

"हव, आजी," पायल म्हणाली.