डेलिया फीनीचं एकटं मत

किलकॉरन गावात माणसाला पक्ष विचारत नाहीत. आडनाव विचारतात, पक्ष आपोआप कळतो. डेलिया माहेरची ग्लेनन, म्हणजे फियाना फॉल. सासरची फीनी, म्हणजे फिन गेल. शंभर वर्षांपूर्वी देश नुकता मोकळा झाला होता, आणि मोकळे झालेले लोक आता कुणाशी भांडावं या विवंचनेत असताना इंग्रजांशी केलेल्या तहावरून एकमेकांनाच गोळ्या घालायला लागले. तह मानणाऱ्यांचा पुढे फिन गेल पक्ष झाला, न मानणाऱ्यांचा फियाना फॉल. त्यानंतर दोघांच्या धोरणात फरक कोणता हे शाळामास्तरालाही सांगता आलं नसतं. पण ग्लेननांचं कुत्रं फीनींच्या शेतात जाऊन आलं, तर दोन दिवस त्याच्याकडे संशयाने बघायचे.

अशा घरातली डेलिया अशा घरातल्या मॅलकीशी लग्नाला उभी राहिली, तेव्हा तिचा बाप चर्चमध्ये आला खरा, पण पाहुण्यांच्या जेवणात त्याने हॅमला हात लावला नाही. डुक्कर फिन गेलवाल्या खाटकाकडचं होतं.

मॅलकी मात्र थंड डोक्याचा. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला तो म्हणाला, "हे बघ डेलिया, तू तुझ्यांना दे, मी माझ्यांना देतो. आपली दोन मतं एकमेकांना खाऊन टाकतील आणि घरात शांतता राहील."

"मग जायचंच कशाला? घरी बसू."

"घरी बसलो तरी देशाचं तेच होणार आहे. पण मग हॉटेलात केक कोण खाणार?"

तेव्हापासून दर निवडणुकीला दोघं आंघोळ करून, रविवारचे कपडे घालून एकाच गाडीतून शाळेत जायचे, शेजारशेजारच्या आडोशात उभं राहून एकमेकांचं मत बाद करायचे आणि मग हॉटेलात चहा नि मनुकांचा केक खायचे. वाटेत बोलायचे नाहीत, एवढं पथ्य. त्यांच्या संसारात पोरं झाली नाहीत, गाई झाल्या, आणि पुढे त्याही विकल्या. पण ही रीत कधी मोडली नाही.

मोडली ती राजकारण्यांनी. एका उन्हाळ्यात दोन्ही पक्षांनी मिळून डब्लिनात सरकार केलं. मॅलकी रेडिओसमोर बसला होता. त्याने रेडिओ बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"डेलिया, मग आपण इतकी वर्षं भांडत कशावर होतो?"

"आपण कुठे भांडत होतो? आपण केक खात होतो."

तो हसला नाही. त्याच हिवाळ्यात त्याला झटका आला. एक बाजू गेली, आणि डोक्यातली वर्षं उधळलेल्या गुरांसारखी इकडेतिकडे झाली. गावाच्या टोकाला टेकडीवर म्हाताऱ्यांचं सरकारी आजारघर होतं, तिथे त्याला खाट मिळाली. डेलियाला गाडी येत नव्हती, पण तिथे चालत जाता यायचं. रोज दुपारी ती जायची, स्वतः भाजलेला तपकिरी पाव लोण्यात बुडवून त्याला भरवायची आणि चहा पाजायची. नर्सच्या हातचा घास तो थुंकायचा. डेलियाच्या हातचाही कधीकधी थुंकायचा, पण ते हिशेबात धरायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं.

मग बातमी आली की आजारघर बंद होणार. इमारत जुनी, दरवाजे अरुंद, आगीचे नियम नवे. खाटा जिल्ह्याच्या गावी हलवणार. तिकडची बस आठवड्यातून दोनदा, आणि तीही अशी की पोचावं, कोट काढावा आणि पुन्हा घालावा. डेलियाने आयुष्यात सरकारकडे काही मागितलं नव्हतं. आता मागायचं होतं ते एकच: मॅलकीची खाट आहे तिथे राहू दे. आणि तेवढ्यात निवडणूक लागली.

तेव्हा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की या खेपेला मॅलकी मत द्यायला येणार नाही. म्हणजे तिचं मत खायला कुणी नाही. सत्तर ओलांडल्यावर प्रथमच तिचं मत एकटं जाणार, आणि एकटं गेलं म्हणजे कुठेतरी पोचणार.  उमेदवारांनी आयुष्यभर तिच्या दारात जे चहा ढोसले होते, ते आता वसूल होणार, असं काहीसं तिला वाटलं असावं.

पण द्यायचं कुणाला?

आधी फियाना फॉलच्या उमेदवार बाई आल्या. "मिसेस फीनी, तुमचे वडील म्हणजे आमचा खांब हो!"

"वडील वारून तीस वर्षं झाली. त्यांचं मत तुम्ही अजून मोजता की काय?"

मग फिन गेलचा उमेदवार आला, मॅलकीची आठवण काढून गहिवरला. डेलियाने विचारलं, "आजारघराचं काय?" तो अंगणाकडे बघत म्हणाला, तो विषय गुंतागुंतीचा आहे. आदल्या दिवशी बाईंनी हेच वाक्य म्हटलं होतं, आणि तेही अंगणाकडे बघतच. डेलियाच्या मनात आलं, एकाच माळेचे मणी. निदान माळ एक झाल्याचं आता लपवत तरी नाहीत.

तिसऱ्या पक्षाचा, शिन फेनचा, एक तरुण आला. गालांवर थंडीने लाली चढलेली, हातात पत्रकांचा गठ्ठा. उमेदवार मागच्या गावात अडकलेत, मी त्यांच्या वतीने, म्हणाला. "मिसेस फीनी, या देशाला आता बदल हवाय."

"बदलाचंच भ्या वाटतंय रे बाबा मला. आहे ते आहे तसं ठेवणारा कुणी असेल तर पाठव."

तसं पत्रक त्याच्या गठ्ठ्यात नव्हतं.

मधे आणखी दोघं-तिघं किरकोळ उमेदवार चहा पिऊन गेले, आणि मग आला जार्लथ हेस्टर, चालू खासदार. तो दोघांपैकी कोणत्या पक्षाचा, हे सांगण्यात अर्थ नाही. गावात आता दोन्हीकडचे लोक तो दुसऱ्यांचा असल्याचं सांगतात. जार्लथची ख्याती एकाच गोष्टीत. गावात कुणी मेलं की आधी पाद्री यायचा आणि मग जार्लथ, कधीकधी उलट. मॅलकीची आई गेली तेव्हा गारा पडत होत्या. हा पठ्ठ्या डोक्यावर टोपी न घेता कबरीपाशी शेवटपर्यंत उभा होता, आणि म्हातारीचं माहेरचं नावसुद्धा त्याला ठाऊक होतं.

"डेलिया! कसा आहे आपला मॅलकी?"

"टेकडीवरच आहे. अजून तरी."

"तिथेच राहणार. त्याला हलवायचं तर माझ्या मढ्यावरून जावं लागेल त्यांना!"

"तुमच्या मढ्याला मी नक्की येईन, जार्लथ. तुम्ही आमच्या सगळ्यांच्या आलात."

जार्लथ मनापासून हसला, तिचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले आणि पुढच्या दारात गेला. तिथूनही मढ्याचंच वाक्य ऐकू आलं.

ज्या टेकडीवरून हे सगळं पेटलं होतं, तिथलीच एक नर्स, इटा लॅव्हिन, अपक्ष उभी होती. ती आली ती ड्यूटी संपवून, गणवेशावर कोट घालून. तिने आश्वासन दिलंच नाही. "निवडून आले तरी डब्लिनच्या संसदेत मी एकटी काय दिवे लावणार, डेलिया? पण ओरडेन. कान किटेपर्यंत ओरडेन."

डेलियाने तिला केक कापून दिला. उमेदवाराला केक म्हणजे त्या घरात झालेला पहिलाच प्रकार.

मतदानाच्या आदल्या दुपारी तिने मॅलकीलाही विचारून पाहिलं. "मॅलकी, इटाला देऊ ना?"

मॅलकीने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "गाई आत घेतल्यास का?"

"घेतल्या."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी ती रविवारचा कोट घालून एकटीच शाळेत गेली. इथलं मत म्हणजे फुली मारून मोकळं व्हायचं काम नाही. एका मतदारसंघातून चार-पाच जण निवडून जातात, आणि एकाच पक्षाचे दोघं-तिघंही उभे असतात. हातभर लांब कागद असतो, त्यावर नावांसमोर एक, दोन, तीन असे आवडीचे नंबर घालायचे. तुमचा पहिला बाद झाला की तुमचा कागद दुसऱ्याकडे जातो, तो बाद झाला की तिसऱ्याकडे. कुठेही थांबायची मुभा आहे. डेलियाने इटाला एक नंबर दिला. दोन बापाच्या पक्षाच्या बाईंना, तीन नवऱ्याच्या पक्षाच्या त्या गहिवरलेल्या माणसाला. इथे खरं तर पेन्सिल खाली ठेवायला हवी होती.

पण ती पडली किलकॉरनची. दारात चालत आलेल्या माणसाला अगदीच कोरं ठेवायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. तिने खाली खाली जात जो जो दारात येऊन गेला होता त्याला एकेक नंबर दिला. जार्लथच्या नावाशी पेन्सिल अडली. मढ्याचं ते वाक्य त्याने गेल्या निवडणुकीला पोस्ट ऑफिसबद्दलही म्हटलं होतं. पोस्ट ऑफिस बंद झालं, जार्लथ धडधाकट आहे. पण त्या गारा. ती टोपी हातात. तिने त्याला सातवा नंबर घातला. सातवा म्हणजे चांगली चपराकच आहे, असं तिला वाटलं. जो आलाच नव्हता, त्याला मात्र कोरं ठेवलं. त्यात जिल्ह्याच्या त्या टोकाचा एक नवखा अपक्ष होता. त्याला इकडे यायला सवड झाली नव्हती.

मग ती हॉटेलात गेली. चहा घेतला. केक सांगितला नाही.

मतमोजणी जिल्ह्याच्या गावी, खेळाच्या हॉलमध्ये. निवृत्त पोस्टमन पॅकी लाफी दर वेळी तिथे जातो आणि कठड्यावर पोट टेकवून, उघडल्या जाणाऱ्या कागदांकडे बघत प्रत्येक पेटीचे आकडे टिपतो. कुठल्या गावाने कुणाला दिलं हे तिथल्या तिथे कळतं, आणि पॅकीला कळलं की सगळ्यांना कळतं. सोमवारी तो डेलियाकडे आला आणि टोपी न काढताच बसला.

"इटा पडली, डेलिया. किलकॉरनच्या पेटीत सगळ्यांच्या वर होती ती. पण एका गावावर कुणी खासदार होत नाही."

"आणि आलं कोण?"

"शेवटच्या जागेला दोघंच उरले होते. एक जार्लथ, आणि एक तो जिल्ह्याच्या त्या टोकाचा नवखा. आजारघरं चालू ठेवा म्हणून तोही बोंबलत होता बिचारा." पॅकीने तिच्याकडे पाहिलं. "तू जार्लथला नंबर घातला होतास?"

"सातवा."

"सातवा असो की अकरावा. इटा बाद झाली तसे तिचे कागद पुढच्या नंबरांना वाटायला घेतले. मधले कुणी आधीच निवडून आलेले, कुणी बाद झालेले, ते ओलांडत ओलांडत कागद निघाले. नवख्याला आपल्यातल्या कुणी नंबरच दिलेला नाही. सगळे कागद टपाटपा जार्लथच्या ढिगावर! मी डोळ्यांनी बघितलं. जार्लथला निवडून आणला तो आपल्या पेटीने."

"पण सातवा म्हणजे नकोच म्हटल्यासारखं की रे!"

"अख्ख्या गावाला तसंच वाटलं." पॅकीने घसा खाकरला. "मलाही. मी त्याला नववा दिला होता."

डेलिया उठून चुलीपाशी गेली. किटलीतलं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं.

"मनाला लावून घेऊ नकोस," पॅकी म्हणाला. "नवखा आला असता तरी टेकडी बंदच व्हायची होती. निर्णय कधीचाच झालाय."

"असं नको म्हणू."

"का?"

"माझ्या हातून चूक झाली, एवढं तरी राहू दे, पॅकी. मी दिलं तरी तेच आणि नाही दिलं तरी तेच, तर मी तिथे कोट घालून गेले कशाला?"

 पॅकीने चहा मागितला.

जानेवारीत टेकडी रिकामी झाली. निरोपाच्या चहाला जार्लथ आला होता. प्रत्येक खाटेपाशी जाऊन त्याने म्हाताऱ्यांना नावानिशी हाक मारली. डेलियाने त्याला काय काय ऐकवायचं ते पायऱ्या चढताना मनात जुळवलं होतं. तो समोर आला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, "मी जीव तोडून प्रयत्न केला, डेलिया." त्याचे डोळे ओले होते, आणि खरोखर ओले होते, हीच पंचाईत.

"तुम्ही आलात, बरं झालं," ती म्हणाली.

मॅलकीला चाकाच्या खुर्चीसकट मागच्या दाराने गाडीत चढवलं. डेलियाही चढायला लागली, तर ड्रायव्हरने हात आडवा धरला. नातेवाइकांचा विमा नव्हता. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला. तिने पावाची पिशवी त्याच्याकडे दिली, लोण्यात बुडवून द्यायचा, नुसता दिला तर थुंकतो, असं सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि पिशवी पुढच्या सीटवर आपल्या जाकिटाखाली ठेवली. मॅलकी काचेतून भिंतीकडे बघत होता. गाडी वळली.

दुपारचे तीन वाजायला आले होते. पुढची बस मंगळवारची, आज गुरुवार. लोक खाली गावाकडे निघाले. डेलिया मात्र आत गेली, मॅलकीच्या खाटेवरची चादर ओढून नीट केली आणि कडेला बसली. थोड्या वेळाने खाटा उचलायला माणसं आली. त्यांनी तिला उठायला सांगितलं.