माझी सादगी आणि तिची पाठ

ज्या दिवशी मी फोमची गादी दारातूनच परत पाठवली, त्या दिवशी मला वाटलं होतं की आज अल्लाह माझ्यावर नक्की खूश असेल. गादी आमच्या मुलाने नागपूरहून मागवली होती, त्याच्या अम्मीसाठी. तिच्या कमरेतली चकती सरकली होती आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर झोपायला सक्त मनाई केली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते बोचकं घेऊन डिलिव्हरीवाला यवतमाळच्या आमच्या गल्लीत उभा राहिला आणि मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारच्या बायका बाहेर आल्या. "या घरात ऐषआराम चालत नाही. घेऊन जा वापस." आत बायको भिंतीला धरून उभी होती. "तुमाले जे पटन ते करा," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा चटईवर जाऊन आडवी झाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या न भांडण्याचाही मला रागच आला.

आम्ही पिंजारी. रुई पिंजून गाद्या आणि रजया भरणं हा आमचा पिढीजात धंदा. वडील घाटंजीच्या बाजारात पिंजण घेऊन बसायचे, मी पुढे यवतमाळात घराला लागूनच दुकान टाकलं, यंत्र आणलं. मग समोरच फोमच्या गाद्यांचं चकचकीत दुकान आलं. ज्यांच्या तीन पिढ्या आमच्या हातच्या गादीवर झोपल्या, ते लोक माझ्याकडे न बघता समोर शिरू लागले. शेवटी मी यंत्राला कुलूप लावलं आणि शहराबाहेर लोहारा गावातल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिलो. त्याच दिवसांत माझं मशिदीत जाणं वाढलं. लोकांना वाटलं, माणूस दीनकडे, धर्माकडे वळला. माझ्या त्या जाण्यात निम्मा राग होता, हे मी आज कबूल करतो. नमाजेनंतरच्या बयानात, म्हणजे प्रवचनात, कुणी म्हणालं की दुनियेच्या सुखात जीव अडकवू नका, की मला वाटायचं, हे त्या फोमवाल्यालाच सुनावताहेत. घरी येऊन मी पलंग काढला, गाद्या वाटून टाकल्या, भर मे महिन्यात कूलरची वायर उपटली. दुनियेत आपण मुसाफिर, मुसाफिराला एवढं सामान कशाला, असं बायकोला सांगितलं. मीही चटईवरच झोपत होतो आणि त्याचा मला भारी ताठा होता. पण दुआसाठी हात उचलले की काय मागावं तेच सुचत नसे. एवढं सगळं सोडलं, तरी मनात थंडावा का येत नाही, या विचाराने मी आणखी चिडायचो.

गादी परत पाठवली त्यानंतरच्या रविवारी एक म्हातारी दारात आली. घाटंजीच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली, निळ्या काठाचं लुगडं, डोक्यावर रुईचं बोचकं.

"जय भीम, भाऊ. पिंजाऱ्याचं दुकान हेच ना?"

"होतं. आता बंद हाय, मावशी. समोर फोम भेटते, तिकडं जा."

"फोम घ्याचा असता तं घाटंजीतच घेतला असता. लेक बाळंतपणाले येऊन राह्यली. घरच्या वावरातली रुई हाय ही. माह्या लग्नातली गादी तुमच्या बापानं भरली होती, तवा म्हटलं पोरीलेही तुमच्याच घरची."

असं म्हणून ती उंबऱ्यावर बसलीच. तेवढ्यात बायको पाणी द्यायला उठली. एक हात जमिनीवर, एक भिंतीवर, मध्येच थांबून श्वास. म्हातारी बघत राहिली.

"गादीवाल्याच्या घरची बाई भुईवर? काहून?"

मी माझं नेहमीचं ऐकवलं. आमच्या दीनमध्ये सादगीला, साध्या राहणीला मान आहे, आराम माणसाला बिघडवतो, वगैरे. म्हातारीने शांतपणे मान हलवली.

"सादगी चांगलीच असते ना. तुमच्या कमरेले काय झालं?"

"माह्या? काई नाई."

"मंग सादगी तुमची अन् दुखणं तिचं. अशी वाटणी कोनं केली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच दारात बसून, ज्या बाईला मी ओळखत नाही, ती मला शिकवणार? बोचकं उचलून रस्त्यावर भिरकावावं असं वाटलं. पण रुई फेकायला पिंजाऱ्याचा हात उचलत नाही. मी ते तिच्याजवळून हिसकावलं आणि म्हणालो, "गुरुवारी या अन् घेऊन जा." वजनसुद्धा केलं नाही. शिंप्याने माप न घेता कापड कापावं, तसला हा प्रकार, पण तिला लवकर घालवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर कुलूप काढलं. यंत्र घरघरलं, रुई उडाली, नाकात, भुवयांत जाऊन बसली. इतक्या दिवसांनी तो वास आला आणि मी एकटाच मोठमोठ्याने बोलू लागलो. आधी फोमवाल्याला शिव्या दिल्या, मग मुलाला, मग त्या म्हातारीला. शिव्या संपल्या तेव्हा तोंडातून निघालं, या अल्लाह, माझा धंदा तू काहून नेला? हा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने दिलेलं बाकीचं सगळं मी त्याच्या अंगावर फेकत होतो आणि वर त्याला सादगी म्हणत होतो. तो माझा रुसवा होता, आणि त्याचे चटके सोसत होती बायको. मी यंत्र बंद करून तिथेच रुईत बसलो आणि रडलो.

बाळंतिणीची गादी मी जीव लावून भरली. खोळीत रुई ठासली, काठीने सारखी केली, दाभणाने टाके घातले. सगळं झालं आणि बघतो तर बाजूला ढीग उरलेला. आणखी एक गादी आरामात भरेल एवढा. माझा हात जन्मभर रुईत गेला आहे. ते बोचकं एका गादीचंच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण वजन केलं नव्हतं, तेव्हा कुणाला काही पटवून देता येणार नाही, आणि मला ते करायचंही नाही. उरलेली रुई गिऱ्हाइकाची अमानत असते, म्हणून मी ती वेगळी बांधून ठेवली.

गुरुवारी म्हातारी आली. गादी तिने दाबून, उलटून पाहिली. मी दुसरं गाठोडं पुढे केलं तर तिने हातही लावला नाही.

"मी तं एकाच गादीची आणली होती. हे माहं नाई, भाऊ."

"मंग कोनाचं?"

"मले काय ईचारता? बाईच्या पाठीखाली घाला," ती म्हणाली आणि गादी ऑटोच्या टपावर बांधून निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. स्वतःवर राग येण्यासारख्या पुष्कळ गोष्टी माझ्याकडे आहेत, त्यात ही एक.

त्याच संध्याकाळी मी बायकोची गादी भरली, तिच्या पाठीला हवी तशी घट्ट. अंथरून दिली आणि माफी मागायला तोंड उघडलं. "आता त्याच्यावरही भाषण देऊ नोका," ती म्हणाली, "झोपू द्या." मुलाला फोन केला तर तो आधी हसला आणि मग त्याने विचारलं, अम्मी झोपली का?

राग माझा गेलेला नाही. समोरचं दुकान दिसलं की आजही कपाळाची शीर उडते. पण एवढं उमगलं की देणारा घेतो तेव्हा मान झुकवायची, तशीच तो देतो तेव्हाही झुकवायची. आपल्या माणसाच्या वाट्याचं सुख नाकारून त्याच्या दरबारात मोठेपणा मिळत नाही. सुख त्याच्याकडून आलंय एवढं ध्यानात असलं, तर अंथरुणावर पाठ टेकणं हेही त्याचे आभार मानणं, शुक्रच आहे.

आमच्या घरातल्या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. पहाटेच्या नमाजेच्या, फजरच्या अजानआधी बायको जागी असायची, एक दिवसही तिला उठवावं लागत नसे. मशिदीत मी चारचौघांत हे सांगायचो. नव्या गादीवरच्या पहिल्या सकाळी अजान झाली आणि ती उठली नाही. मी घाबरून जवळ गेलो. ती चक्क घोरत होती. तेव्हा कुठे मला कळलं की इतके महिने तिला अल्लाहच्या इबादतीने नाही, कमरेने जागं ठेवलं होतं. नमाजेची वेळ निघून जायच्या आत तिला उठवायचं होतं, पण अजून थोडा वेळ होता. मी तिच्या उशाशी भुईवर बसलो आणि तेवढा वेळ तिला झोपू दिलं.