पॅचमध्ये हरवलेली पिल्लं

“तो पॅच का काय ते टाक, पण वैभवच्या शिवाराला धक्का लागला नाय पायजे,” अण्णा म्हणाले. “परवा हार्वेस्टर कंपनीचे पावणे तेच बघायला येत्यात.”

मी “हो अण्णा” म्हणालो. मनात म्हटलं, वैभवचं शिवार! जमीन माझ्या चुलत्याची, पिंपरी पेंढारची. फोटो मी काढलेले. बांध मी चालून मोजलेले. आणि नाव वैभवचं.

आधी आमचं काम सांगतो. कळंबला हायवेलगत अण्णांचं ट्रेनिंग सेंटर आहे. ऊस तोडणारं हार्वेस्टर मशीन चालवायला आम्ही माणसं तयार करतो. हे मशीन नवख्याच्या हातात द्यायला कोणी धजत नाही. म्हणून सुरुवातीला शेतीच्या एका कॉम्प्युटर गेमवर शिकवतो. समोर मोठा स्क्रीन, मशीनसारखी सीट, स्टिअरिंग. हे सगळं चालू ठेवणं ही माझी नोकरी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझं इंग्रजी अडखळतं. तरी अण्णांनी मला घेतलं, हे मी विसरलेलो नाही.

गेममधली शेतं परदेशी. नजर पोचणार नाही एवढी लांब, सपाट. आपल्याकडे असा उसाचा फड कुठे असतो? म्हणून तेव्हा सेंटरमध्ये माझ्यासोबत असलेल्या वैभवने चुलत्याच्या शेतावरून मॉड बनवला. मॉड म्हणजे तयार गेममध्ये आपण घातलेली भर. या ‘वैभवच्या शिवारात’ वाकडे बांध होते, मधोमध विहीर, विजेच्या डीपीचा खांब, ट्रॉली जेमतेम जाईल अशी वाट. आणि उसाच्या एका कोपऱ्यात बिबट्याची दोन पिल्लं.

ती पिल्लं आमच्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. उसात पिल्लं दिसली की मशीन थांबवायचं, मागे घ्यायचं, फॉरेस्टवाल्यांना कळवायचं. पिल्लं तिथेच राहू द्यायची, म्हणजे आई येऊन घेऊन जाते. गेममध्ये मशीन थांबवलं नाही तर स्क्रीन लाल व्हायचा आणि फेरी बाद.

दोन महिन्यांपूर्वी वैभवला पुण्यात मोठी नोकरी लागली. अण्णांनी त्याला शाल दिली. स्टिअरिंगवर हात ठेवलेला त्याचा फोटो भिंतीवर लागला. मी चहा प्यायला त्या फोटोकडे पाठ करून बसायचो.

पॅच टाकणं टाळता येत नव्हतं. अण्णांनी नवा जॉयस्टिक आणला होता, अगदी खऱ्या मशीनच्या दांड्यासारखा. आमच्या जुन्या गेमला तो ओळखताच येईना. पॅच म्हणजे गेमच्या कंपनीने पाठवलेली दुरुस्ती. ती जुन्या फायली काढते आणि त्या जागी नव्या ठेवते. मॉड सहसा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना पॅच हात लावत नाही. तरीही मी आधी सगळ्या गेमची कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर घेतली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून पाहिली. मगच पॅच टाकला.

शिवार उघडलं. जॉयस्टिक चालला. मी गोरखभाऊंना सीटवर बसवलं. ते आमच्या बॅचमधले सगळ्यात जुने गडी. पारगावकडे कारखान्याला ऊस वाहण्यात त्यांची उमर गेलेली. कोपरा आला तसं त्यांनी सवयीने मशीन हळू केलं.

“सुनीलभाऊ, पिल्लं कुठंयत?”

“असतील की. नीट बघा.”

“आवो, सगळा फड कापून झाला. का आईनं आधीच न्हेली?”

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं. वैभवचं काहीतरी बिघडलं होतं. मग परवाचे पाहुणे आठवले आणि मी गेमच्या फायली उघडल्या.

शोधल्यावर कारण सापडलं. वैभवने शिवार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं, पण पिल्लं मात्र गेमच्या स्वतःच्या प्राण्यांच्या फायलीत घुसवली होती. भाडेकरूने आपली भांडी घरमालकाच्या कपाटात ठेवावीत, तसं. पॅचने ते कपाटच बदललं.

“वैभवला फोन लाव,” अण्णा म्हणाले. मला तेच नको होतं. लावला.

“अरे सुनील्या, घाईत टाकली होती रे ती तिथं,” वैभव म्हणाला. “जाऊ दे. पिल्लं नकोच. पाहुण्यांना विहीर दाखव, डीपी दाखव.”

“तुझ्याकडे कॉपी आहे का?”

“कुठली कॉपी! लॅपटॉप कधीच फॉरमॅट केला.” आणि तो हसला.

त्याची शाल मी सहन केली होती, फोटोही. हे हसणं सहन होईना. ज्या गोष्टीसाठी मी आतून जळत होतो, ती याने कधीच टाकून दिली होती. चुलत्याच्या शेतात त्या कोपऱ्यात खरोखर पिल्लं निघाली होती. चुलत्याने तोड थांबवली होती. चुलती बांधावर बसून राहिली, कोणाला तिकडे फिरकू देईना. ते मीच वैभवला सांगितलं होतं.

पिल्लं परत आणायचीच, असं ठरवलं.

आधी सोपा उपाय केला. कॉपीतली जुनी फाईल नव्या गेममध्ये ठेवली. गेम सुरूच होईना. नव्या गेमला हवं असलेलं बरंच काही जुन्या फायलीत नव्हतं. मग पॅचची फाईल परत जागेवर ठेवली, दोन्ही फायली शेजारी उघडल्या आणि ओळीला ओळ लावत गेलो. वैभवने लिहिलेल्या ओळी तेवढ्या उचलल्या आणि त्यांचा एक स्वतंत्र छोटा मॉड केला, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. आता पुढचा पॅच त्याला शिवणार नव्हता.

पिल्लं आली, पण उसाच्या शेंड्यांवर तरंगत.

“ही तर माकडं झाली राव!” गोरखभाऊ ओरडले.

नव्या गेममध्ये जमिनीची उंची मोजायची पद्धत बदलली होती. आकडे बदलत बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं एकदाची जमिनीवर टेकली. मुद्दाम न थांबता मशीन पुढे नेलं. स्क्रीन लाल झाला.

मॉडमध्ये बनवणाऱ्याचं नाव लिहायला जागा असते. गेम उघडताना ते दिसतं. मी माझं नाव लिहिलं. बराच वेळ बघत बसलो. मग वर वैभवचं लिहिलं आणि माझं खाली घेतलं. ओळी त्याच्या होत्या.

पाहुणे आले. गेम सुरू झाला, नावं स्क्रीनवर आली, आणि नेमके तेव्हाच अण्णा स्क्रीनसमोर उभे राहून पेढे वाटू लागले. नावं त्यांच्या पाठीमागून निघून गेली.

त्यांच्यातले मोठे साहेब स्वतः सीटवर बसले. कोपऱ्यात थांबले नाहीत. स्क्रीन लाल. ते चमकले. अण्णांनी पिल्लांचं सगळं समजावलं.

“हे आमच्या कुठल्याच सेंटरला नाही,” साहेब म्हणाले. “कोणी केलं?”

“आमच्या वैभवनं!” अण्णांनी लगेच त्याला फोन लावला, स्पीकरवर. “वैभव, साहेब खूश झालेत बघ तुझ्यावर!”

“अण्णा, मी काय नाय केलं. पिल्लं सुनीलनं परत आणली. शेत पण त्याच्याच घरचं आहे.”

अण्णांनी फोन ठेवला आणि कौतुकाने मान हलवली. “बघा साहेब, एवढं करून पोरगं किती नम्र!”

गोरखभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला.

त्या कंपनीची माणसं आता आमच्याकडेच शिकायला येतात. मी शिकलो ते एवढंच: पॅच टाकण्याआधी कॉपी घ्यावी, ती उघडून बघावी आणि आपलं सामान आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावं. पॅचनंतर सगळं पूर्वीसारखं चाललं तर काम चांगलं झालं समजावं, कारण पूर्वीसारखं चाललेलं कोणाच्या नजरेत येत नाही.

एक छोटा बदल मात्र मी नंतर केला. नावं दिसतात तो स्क्रीन आता जरा जास्त वेळ थांबतो.

“सुनीलभाऊ, पॅचपासून गेम चालू व्हायला लई टाईम लागतोय राव,” गोरखभाऊ म्हणतात.

“गेमच्या कंपनीचा प्रॉब्लेम आहे,” मी सांगतो.